पगारपत्रकातला शेरा

कोल्हापूर भागातल्या कारखानदारांकडून सध्या एकच विचारणा होते आहे. “मॅडम, तो नवा डेटाचा कायदा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून देता का?” शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत फाउंड्र्यांना आणि मशीन शॉपना हजेरी, पगार आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देणं, ते चालवायला शिकवणं हे माझं काम. त्यामुळे या विचारणेमागची धास्ती मला कळते. दंडाचा आकडा सगळ्यांच्या कानावर गेला आहे. लोकांच्या माहितीच्या सुरक्षेची वाजवी व्यवस्था ठेवली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत. लहान फाउंड्रीचा मालक तो आकडा ऐकून हबकतो आणि एखादं मोड्यूल विकत घेतलं की आपण सुटलो, असं धरून चालतो. तसं सांगून विकणारेही आता दारात येऊ लागले आहेत.

असं मोड्यूल नसतं, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. कोणाला काय दिसावं, कोणती माहिती किती काळ ठेवावी आणि कोणती मुळात घेऊच नये, हे कारखान्याने ठरवायचं असतं. ते ठरलं असेल, तर आज तुमच्या टेबलावर चालणारं सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी पुरेसं आहे. ठरलंच नसेल, तर सगळ्यात महागडं घेऊनही कामगाराची माहिती चव्हाट्यावर येणार.

कायदाही याच बाजूचा आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला, प्रत्यक्ष कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी अठरा महिने दिले आहेत, म्हणजे मे २०२७ पर्यंत. या कायद्याचं कलम ८ प्रत्येक मालकाने वाचावं. माहिती तुमच्या वतीने दुसरी कंपनी हाताळत असली, तिच्याशी कसलाही करार झालेला असला, तरी उत्तरदायी तुम्हीच. सॉफ्टवेअर कंपनीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने ही जबाबदारी हलत नाही.

आता एक गोष्ट जवळून दाखवते. पगाराच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कामगाराच्या नोंदीत शेवटी एक मोकळा रकाना असतो, ‘रिमार्क्स’. आपल्याकडे त्याला शेरा म्हणतात. तिथे काहीही लिहिता येतं आणि लिहिलं जातं. ‘उचल बाकी’, ‘भावाच्या लग्नाला गावी’, ‘सारखा आजारी’, ‘युनियनवाला’. एका बाईच्या नोंदीत ‘पाचवा महिना’ असं मी वाचलं आहे.

एका फाउंड्रीत कामगारांचं आरोग्य शिबिर झालं. फाउंड्रीत वाळू असते, वाळूत सिलिका, आणि शेकआउट-फेटलिंगला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग साफ करायला, काम करणाऱ्यांच्या छातीत ती धूळ वर्षानुवर्षं साठते. सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही. म्हणून छातीचा एक्स-रे काढणं, फुंकून घ्यायची तपासणी करणं हे चांगलंच काम होतं. डॉक्टरांनी एका कामगारासाठी लिहिलं की एक्स-रे पुन्हा काढावा आणि तोवर धुळीचं काम देऊ नये. ऑफिसातल्या मुलाने ते इमानदारीने सॉफ्टवेअरमध्ये भरलं. आरोग्यासाठी वेगळी जागा नव्हती, म्हणून शेऱ्यात भरलं. महिनाअखेरीला ठेकेदाराला हजेरी आणि ओव्हरटाइम पाठवायचा होता. त्याने ‘एक्स्पोर्ट टू एक्सेल’ दाबलं. शीटमध्ये सगळे रकाने आले: आधार क्रमांक, बँक खातं, बायकोचं नाव, मोबाइल आणि शेवटी शेरा. ती शीट व्हॉट्सअ‍ॅपवर ठेकेदाराकडे गेली, तिथून त्याच्या मुकादमाच्या ग्रुपवर. होळीला गावी गेलेल्या त्या कामगाराला परत बोलावणं आलं नाही. शेऱ्यामुळेच आलं नाही, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण मुकादमाच्या मोबाइलवर मी ती ओळ पाहिली आणि ‘हा दम्याचा आहे’ हे त्याचं बोलणं ऐकलं.

यात चोर कुठेच नाही. हॅकर नाही, व्हायरस नाही. सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम चोख केलं. माझ्या पाहण्यात माहिती फुटते ती बहुधा याच बटणावर, आणि त्या बटणाला कुलूप घालायची सोय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. ठेकेदारासाठी नाव, टोकन नंबर, हजेरी आणि ओव्हरटाइम एवढ्याच रकान्यांचा वेगळा रिपोर्ट बनवून ठेवायला अर्धा तास लागतो. पूर्ण एक्स्पोर्टचा हक्क एका माणसाकडे ठेवायचा, बाकीच्यांचा काढायचा. त्या फाउंड्रीत पुढे तसं केलं. पण ते आधीच व्हायला हवं होतं आणि मालकाला त्यासाठी एक रुपया जास्त द्यावा लागला नसता.

अशा कामगाराच्या हातात नवा कायदा काय देतो, हे मी नीट वाचलं आणि अस्वस्थ झाले. २०११ च्या जुन्या नियमांत आरोग्याची आणि बायोमेट्रिक माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी धरली होती. २०२३ च्या कायद्यात तो वेगळा वर्ग उरलेला नाही. एक्स-रेचा निष्कर्ष आणि मोबाइल नंबर एकाच रांगेत. नोकरीच्या कारणासाठी लागणारी माहिती वापरायला कामगाराची संमती लागत नाही, तशी मुभा कलम ७ मध्ये आहे. हे व्यवहाराला धरून आहे, पगार काढायला कोण रोज संमती विचारणार? पण आपली माहिती बघायला मागण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा अधिकार कायद्याने संमतीला बांधला आहे. संमतीच घेतली नाही, तर त्या अधिकारांवरचा दावाही पातळ होतो. आणि दंड झालाच, तर तो सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली, त्याला या कायद्यातून भरपाई नाही.

म्हणजे कामगाराच्या बाजूने उरतात त्या मालकावरच्या जबाबदाऱ्या: माहिती सुरक्षित ठेवणं, काम संपलं की पुसणं, आणि फुटली तर त्याला व डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवणं. मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत द्यायचा आहे. तीनही जबाबदाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून पार पडतात किंवा पडत नाहीत. म्हणून मी मालकांशी दंडाबद्दल कमी आणि सेटिंगबद्दल जास्त बोलते.

ज्या नोव्हेंबरमध्ये हे नियम निघाले, त्याच महिन्याच्या २१ तारखेला चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र आलं, चाळिशी ओलांडलेल्यांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आली. मी या तरतुदींचं मनापासून स्वागत करते, फाउंड्रीतल्या माणसाला त्यांची गरज होतीच. पण यापुढे दर वर्षी किती तरी कारखान्यांत रक्तदाब, साखर, छातीचे एक्स-रे कॉम्प्युटरवर चढणार आहेत. ते कोणत्या रकान्यात चढणार, याचा विचार आत्ताच करायला हवा. माझं मत असं आहे की तपासणीचा अहवाल डॉक्टरकडे आणि कामगाराकडे राहावा, आणि कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शेकआउटला पाठवू नये’ एवढाच निर्णय यावा. शिफ्ट लावणाऱ्याला त्याहून जास्त कळायची गरज नाही.

पासवर्डबद्दल थोडक्यात. अनेक ऑफिसांत मालक, अकाउंटंट, हजेरीवाला मुलगा आणि आठवड्यातून एकदा येणारा टॅक्स कन्सल्टंट सगळे एकाच ‘अ‍ॅडमिन’ नावाने आत जातात. सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टसाठी रिमोटचं कायमचं कनेक्शन उघडं ठेवलेलं असतं. उद्या माहिती फुटली, तर कोणी काढली हे शोधायचं कसं? लॉगमध्ये एकच नाव दिसणार. नियमांनी तर कोणी काय पाहिलं याच्या नोंदी किमान एक वर्ष जपायला सांगितलं आहे.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. पैशाच्या बाबतीत आपण ते केलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबासाठी असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद तारखेसह राहते आणि ती बंद करता येत नाही. टॅलीवाल्यांच्या तोंडी तो ‘एडिट लॉग’ आता रुळला आहे. सुरुवातीला खूप कुरकुर झाली, मग सवय पडली. आज व्हाउचरची रक्कम कोणी बदलली हे सांगता येतं. कामगाराचा आधार क्रमांक कोणी उघडला, कोणी कॉपी केला, हे त्याच इमारतीत कोणी सांगू शकत नाही.

पुसण्याबद्दल मात्र मालकांशी माझे खरे वाद होतात. “राहू दे की मॅडम, जागा कुठं लागते?” हे ठरलेलं उत्तर. फाउंड्रीत माणसं टिकत नाहीत. दिवाळीला, होळीला, छठपूजेला गेलेली अर्धी परतत नाहीत. सोडून गेलेल्यांचे फोटो, आधारच्या झेरॉक्सचे स्कॅन, बँक पासबुकचं पहिलं पान, पोरांची नावं तशीच पडून राहतात. हिशेब ठेवावेच लागतात, हे बरोबर आहे. कंपनीची हिशेबवही आठ आर्थिक वर्षं, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, पीएफच्या नोंदी त्यांच्या नियमाने. पण पगाराची रक्कम जपायला पासबुकाचा फोटो लागत नाही. कोणत्या कायद्यासाठी कोणता रकाना किती वर्षं, हा तक्ता एकदा बसून केला, तर सॉफ्टवेअर मुदत संपलेल्या नोंदींची यादी दर तिमाहीला काढून देतं.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे गेटवरचं थंब मशीन. वाळू आणि उष्णतेने फाउंड्रीवाल्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, ठसा लागत नाही, म्हणून आता चेहरा ओळखणारी मशीन आली. जुनी मशीन कुठे गेली? कपाटावर, नाहीतर भंगारात, आणि त्यांच्या मेमरीत शेकडो लोकांच्या ठशांच्या नोंदी तशाच. सॉफ्टवेअरमध्ये कामगाराला ‘लेफ्ट’ करून चालत नाही, मशीनमधूनही वेगळं काढावं लागतं. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. मशीन देऊन टाकायच्या आधी ते पूर्ण रिकामं करून त्याची वहीत नोंद करावी, एवढा आग्रह मी प्रत्येक ठिकाणी धरते.

अधिकार संमतीला बांधल्यामुळे कामगार मागे राहतो, हे वर म्हटलं. ती उणीव कायदा बदलेपर्यंत मालक स्वतः भरून काढू शकतात. पगाराच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘एम्प्लॉयी लॉगिन’ची सोय असते. स्वतःच्या मोबाइलवर कामगार आपली नोंद पाहू शकतो, चूक कळवू शकतो. त्या सोयीचे पैसेही भरलेले असतात, पण आमच्या भागात ती सर्रास बंद ठेवतात. कामगार प्रश्न विचारत बसतील, ही भीती.

कागलच्या एका मालकांनी ती सुरू केली. मराठी आणि हिंदी पडदा सॉफ्टवेअरमध्ये होता. ओडिया नव्हता, म्हणून ओडिशातल्या मुलांसाठी त्यांच्यातल्याच एकाला बसवून समजावून दिलं. कायदा संमतीची नोटीस आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत मिळण्याची सोय मागतो. त्यात ओडिया आहे, मैथिली आहे, पण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांची भोजपुरी नाही. पहिल्या महिन्यात तक्रारींचा ढीग आला आणि अकाउंटंट वैतागले. नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं, जन्मतारखेत साल चुकलेलं, बंद पडलेल्या बँक खात्याचा नंबर. यातल्या प्रत्येक चुकीपायी कधी ना कधी कोणाचे तरी पीएफचे पैसे अडकले असते. दुरुस्त्या करायला दोघांचे तीन आठवडे गेले. शेऱ्याचा रकाना मात्र कामगारांना अजून दिसत नाही. तोही खुला करा, असं मी त्या मालकांना लेखी कळवलं आहे, आणि त्याआधी त्यातल्या जुन्या ओळी सुपरवायझरना स्वतः बसून वाचायला लावा, असंही.