पाण्याच्या वाटेने

सुटी लागली, की आपल्या हिंगोली जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे मुलांना घेऊन प्रवासाला निघतात. छत्रपती संभाजीनगर हे त्यांचे आवडते ठिकाण. मध्यरात्री गाडी निघते, उजाडता उजाडता वेरूळ येते, आणि मग एका दिवसात वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, बिबी का मकबरा आणि पाणचक्की एवढे सारे उरकले जाते. 'उरकले' हा शब्द मी मुद्दामच वापरला आहे. पाहणे वेगळे आणि उरकणे वेगळे.

काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो होतो. घरी परत आल्यावर मी माझ्या पुतण्याला विचारले, "काय काय पाहिलेस?" तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "काका, पुष्कळ पायऱ्या पाहिल्या!" घरातली सगळी मंडळी हसली. मला मात्र त्या उत्तराने विचारात पाडले. आम्ही त्या मुलाला चार जगप्रसिद्ध स्थळांवरून धावत नेले होते, आणि त्याच्या हाती पायऱ्यांखेरीज काही लागले नव्हते. 'पी हळद नि हो गोरी' असे आपण उतावळ्या माणसाला म्हणतो. हळद पिकविणाऱ्या वसमत भागातल्या आम्हा माणसांना तरी ही म्हण आठवावयास हवी होती!

तेव्हापासून माझे असे मत झाले आहे, की मुलांबरोबर एखादे जुने शहर पाहावयाचे असेल, तर दहा वस्तूंच्या मागे धावू नये. एकाच वस्तूचा माग काढीत चालावे. छत्रपती संभाजीनगरपुरते बोलावयाचे, तर ती वस्तू म्हणजे पाणी होय. हे शहर दरवाजांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. पण ते नहरींचेही शहर आहे. नहर म्हणजे पाणी वाहून आणणारा कालवा. येथील नहरी आपल्या शेतांमधील कालव्यांसारख्या उघड्या नाहीत. त्या जमिनीच्या पोटातून वाहत आल्या आहेत.

या नहरींचा आरंभ मलिक अंबर या पुरुषापासून होतो. त्याचा जन्म आफ्रिकेतील हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, आणि अनेक मालकांच्या हातून फिरत फिरत दख्खनमध्ये आला. तेथे स्वतःच्या बुद्धीने व पराक्रमाने तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते. अशा या मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी या गावी नवी राजधानी वसविली. तीच खडकी 1626 मध्ये फतेहनगर झाली, 1653 मध्ये औरंगाबाद झाली आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाली. नावे बदलत गेली. तहान मात्र प्रत्येक काळातील माणसांना सारखीच लागली.

खडकी नावाप्रमाणेच खडकाळ होती. राजधानीला हवा तेवढा पाण्याचा साठा तेथे वर दिसत नव्हता. तेव्हा मलिक अंबरने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरणारे पाणी शोधले, आणि 1617 च्या सुमारास ते भुयारी नहरीने शहरात आणविले. हीच नहर-ए-अंबरी. तिचे रहस्य एका शब्दात सांगता येईल: उतार! डोंगराकडून शहराकडे नहरीला इतका बेताचा उतार दिला, की पाणी साचूही नये आणि बांधकाम धुऊन नेईल इतक्या वेगाने धावूही नये. मधून मधून गाळ काढण्यासाठी आत उतरण्याच्या जागा ठेवल्या. तेव्हा पंप नव्हता, वीज नव्हती. होता तो केवळ माणसाचा हिशेब आणि पाण्याचा स्वभाव.

याच सुमारास युरोपात, हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम या शहरात, 1613 पासून मोठमोठे कालवे खणले जात होते. आज जगभरचे लोक मुलाबाळांसह तेथे जातात आणि नावेत बसून शहर पाहतात. गंमत पाहा! तेथे भूमी सखल व दलदलीची. म्हणून पाण्याला वाट करून दिल्याखेरीज घरे उभी राहत नव्हती. आमच्याकडे पाणी दुर्मिळ. म्हणून ते उन्हापासून लपवून, जमिनीखालून, जपून आणावे लागले. एकाच काळात दोन शहरांनी कालवे खणले. एकाने पाणी अधिक म्हणून, तर दुसऱ्याने पाणी थोडे म्हणून. आमच्या नहरींत नाव चालणार नाही हे खरे. पण त्यांचा माग काढण्यात नौकाविहाराहून कमी आनंद नाही.

हा आनंद कसा घ्यावा, ते आम्ही आमच्या दुसऱ्या प्रवासात शिकलो. या वेळी आम्ही रेल्वेने गेलो. हिंगोलीहून पूर्णा, आणि तेथून परभणी व जालन्यावरून पुढे. निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांनी घरी एक प्रयोग केला. एक लांब पारदर्शक नळी घेऊन तिच्यात थोडे पाणी भरले आणि तिची दोन्ही टोके वर धरली. एक टोक कितीही खालीवर केले, तरी दोन्हींकडे पाणी एकाच पातळीवर येऊन थांबे. धाकटी पुतणी म्हणाली, "काका, पाण्याला उंची मोजता येते!" इतके कळले, की निम्मे शहर कळले म्हणून समजावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही केवळ पाणचक्की पाहिली, आणि सबंध सकाळ पाहिली. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात ही पाणचक्की आहे. ती 1744 च्या सुमाराची मानली जाते. कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी बंद नळांतून येथे आणले आहे. ते भिंतीच्या आतून उंच चढते आणि वरून हौदात धो धो कोसळते. "पाणी वर कसे चढले?" असे मी मुलांना विचारण्याच्या आत पुतण्या उद्गारला, "नळीसारखे! डोंगरातला झरा याहूनही उंच असणार!" मी गप्प राहिलो. जे उत्तर मुलाला स्वतः सापडते, त्यावर मोठ्यांनी व्याख्यान देऊ नये.

त्या पाण्याच्या जोरावर पात्यांचे एक आडवे चाक फिरे, आणि चाकाबरोबर जात्याचा वरचा दगड फिरे. दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी तेथे धान्य दळले जाई. आमच्याबरोबर माझी आई होती. एवढा वेळ ती शांतपणे बसून होती. दगड दिसताच ती उठून जवळ आली आणि नातवंडांना म्हणाली, "अरे, हे तर आपले जातेच की! माझे अर्धे आयुष्य पहाटे उठून दळण्यात गेले. आमच्या घरी असे पाणी असते, तर मीही शाळा शिकले असते." हसता हसता ती बोलली, पण मुले एकदम स्तब्ध झाली. यंत्र म्हणजे काय, आणि माणसाचे कष्ट वाचले म्हणजे काय होते, हे त्या एका वाक्याने त्यांना जेवढे शिकविले, तेवढे मला शिकविता आले नसते.

संध्याकाळी आम्ही बिबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर. मुलांनी आपला माग येथेही सोडला नाही. प्रवेशद्वारापासून कबरीकडे जाणारा बागेतील सरळ हौद व त्यातील कारंजी पाहून त्यांनी आपल्या वहीत एक चित्र काढले आणि त्याखाली तीन ओळी लिहिल्या: येथे पाणी शोभेसाठी, पाणचक्कीत कामासाठी, नहरीत पिण्यासाठी. तीन ओळींत त्यांनी शहराचा एवढा मोठा इतिहास मांडला होता.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, हे मी जाणतो. एक असा, की दूरवरून पैसे खर्चून जावयाचे आणि दोनच ठिकाणे पाहून परतावयाचे, हे कोणत्या कुटुंबाला परवडेल? आक्षेप खरा आहे. शेतकऱ्याच्या घरी अशी सहल वर्षानुवर्षे घडत नाही, म्हणून एकाच फेरीत सगळे पाहून घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पोट भरते ते खाल्लेल्या अन्नाने नव्हे, पचलेल्या अन्नाने. पाहण्याचेही तसेच आहे. ज्या प्रवासातून 'पुष्कळ पायऱ्या' एवढेच घरी येते, तोच मला अधिक महाग वाटतो.

दुसरा आक्षेप असा, की मुले कंटाळतात. त्यांना खेळ हवा, इतिहास नको. माझा अनुभव उलट आहे. मुले इतिहासाला कंटाळत नाहीत. 'इकडे उभे राहा, तिकडे पाहा, चला लवकर' या हुकमांना कंटाळतात. त्यांच्या हाती एक वही द्या, एक प्रश्न द्या आणि थोडा वेळ द्या. मग तीच मोठ्यांना ओढून नेतील. एक पथ्य मात्र पाळावे. नहरींच्या उघड्या तोंडांत डोकावू वा उतरू नये, आणि दर्ग्यात वा कोणत्याही पवित्र स्थळी गलबला करू नये.

आता या गोष्टीची दुःखाची बाजूही सांगितली पाहिजे. मलिक अंबरनंतर शहरात आणखी नहरी झाल्या. आज त्यांतील पुष्कळ मोडल्या आहेत. कोठे झाडांची मुळे आत शिरली, कोठे केरकचऱ्याने वाट बुजली, कोठे कोणी त्यांच्यावरच घरे बांधली. शहराला आता पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचे पाणी येते. धरण सखल भागात आणि शहर उंचावर. म्हणून ते पाणी पंपांनी वर चढवावे लागते. अनेक वर्षे तेथील पुष्कळ घरांना रोज नळाचे पाणी मिळत नसे. कित्येक दिवसांच्या अंतराने ते येई. 2011 च्या जनगणनेतच त्या शहराची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास होती. एवढ्या वस्तीला केवळ जुन्या नहरी पुरल्या असत्या, असे मी म्हणत नाही. परंतु पूर्वजांनी विनामूल्य वाहणारे पाणी दाराशी आणून दिले असताना आपण त्याची वाट बुजू द्यावी, ही गोष्ट शहाणपणाची खासच नाही.

ती वाट का बुजली? माझ्या मते, ती दिसत नव्हती म्हणून. दरवाजे उंच उभे असतात; त्यांकडे पाहून लोक माना वर करतात. नहर पायांखाली असते. तिच्यावरून लोक चालत जातात. जे दिसत नाही त्याची काळजी घेण्यासाठी ते ठाऊक असावे लागते. आणि ठाऊक होण्याचे योग्य वय म्हणजे तुमचेच वय. म्हणून मुलांना नहरींच्या वाटेने नेणे ही मला केवळ करमणूक वाटत नाही. ज्या मुलाने एकदा नहरीचा माग काढला, तो मोठेपणी तिच्यात कचरा टाकणार नाही, आणि दुसऱ्यालाही टाकू देणार नाही.

तुमच्यापैकी कित्येकांना छत्रपती संभाजीनगरला जाणे लवकर जमणार नाही. त्यांनी खंत करू नये. आपल्या जिल्ह्यातही पाण्याच्या वाटा आहेत. औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या वरच्या अंगाला येलदरीचे धरण आहे. ही दोन्ही 1968 मध्ये पुरी झाली. सिद्धेश्वरहून निघालेले कालव्याचे पाणी वसमतच्या हळदीच्या शेतांना भिजवीत पुढे परभणी-नांदेडकडे जाते. त्या कालव्याच्या काठाने एखाद्या रविवारी वडीलधाऱ्यांबरोबर सुरक्षित अंतरावरून चालून पाहा. पाणी कोठून आले, कोणाच्या शेतात गेले, कोणाच्या शेतापर्यंत पोहोचलेच नाही, हे विचारा. 1972 च्या दुष्काळात काय झाले, ते घरातील आजीआजोबांना विचारा. वहीत नकाशा काढा.

आमच्या घरी अशी एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर पाणचक्की आहे. दुसऱ्या पानावर मुलांनी आमच्या गावची जुनी विहीर काढली आहे आणि तिच्या बाजूला लिहिले आहे: 'गाळ साचला आहे.' गेल्या उन्हाळ्यात तो गाळ काढण्यासाठी गावातील पंधरा-वीस माणसे जमली. त्यांना बोलवायला घरोघर ही दोन मुलेच गेली होती.