चार वर्षांचा सैनिक आणि कायद्याचे मौन

नागपूरजवळच्या कामठी छावणीत गार्ड्स रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या अग्निवीराच्या हाती इतर जवानांसारखीच बंदूक असते आणि 1950 चा सेना कायदा त्यालाही तितकाच बांधतो. भेद सुरू होतो तो सेवा संपल्यावर. चार वर्षांनंतर फार तर 25 टक्के अग्निवीर सैन्यात कायम होतात. उरलेल्यांना सुमारे 11 लाख 71 हजार रुपयांचा सेवानिधी मिळतो आणि त्यातील निम्मी मुद्दल त्यांच्याच वेतनातून कापलेली असते. त्यांना निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

एवढा मूलगामी बदल जून 2022 मध्ये केवळ मंत्रिमंडळाच्या निर्णयाने झाला. संसदेपुढे विधेयक आलेच नाही. 2023 मध्ये न्यायालयांनी योजना वैध ठरविली हे खरे. परंतु जे वैध ते न्याय्य असतेच असे नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एक अग्निवीर सियाचिनवर कर्तव्य बजावताना मरण पावला. अशा कुटुंबाला विमा व सानुग्रह रक्कम मिळते. नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन मात्र मिळत नाही.

सैन्य तरुण राहावे, निवृत्तिवेतनाचा बोजा आटोक्यात यावा, असे योजनेचे समर्थक म्हणतात. हे हेतू विचारार्ह आहेत. पण काटकसरीचा आरंभ सर्वांत कनिष्ठ शिपायापासूनच का व्हावा? निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या नाकारा खटल्यात बजावले होते. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क देते. बुटीबोरीच्या कारखान्यात जे मिळू शकते, ते सीमेवर नाकारले जावे, ही विसंगती आहे.

पहिल्या तुकड्यांची मुदत 2026 च्या अखेरीपासून संपू लागते. म्हणूनच संसदेने कायदा केला पाहिजे. अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा, सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी आणि मृत्यू वा अपंगत्व आल्यास नियमित जवानाइतकेच निवृत्तिवेतन, एवढी तीन कलमे त्यात हवीत. हा विषय केंद्राचा आहे. तरीही नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधिमंडळाला तशी शिफारस करणारा ठराव करता येईल. कामठीची छावणी विधानभवनापासून फार दूर नाही.