वाघोलीची मेट्रो आणि मधली चार वर्षं

मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र मेट्रो रेल कॉर्पोरेशन (महामेट्रो), पुणे



२५ जून २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पुण्यातल्या दोन मेट्रो विस्तारांना मंजुरी दिली. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी. दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, ३,६२६ कोटी रुपये. त्यातले ११.६३ किलोमीटर आणि ११ स्थानकं नगर रस्त्यावरची, म्हणजे आमची. काम चार वर्षांत पुरं करायचं ठरलं आहे. मी या मेट्रोच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. माझी मागणी वेगळी आहे. ही चार वर्षं नगर रस्त्यावरून माणसांनी जायचं कसं, आणि मेट्रो आल्यावर स्थानकापर्यंत पोचायचं कसं, हे दोन्ही प्रश्न प्रकल्पाच्या आत घ्या. ते महापालिकेवर, पीएमपीच्या बससेवेवर किंवा लोकांच्या नशिबावर सोडू नका.

सकाळी आठच्या सुमारास केसनंद फाट्यावर उभं राहिलं की हे का मागतो आहे ते कळेल. केसनंदकडून दुचाक्यांचा लोंढा येतो, आव्हाळवाडीच्या बाजूने शाळेच्या बस आणि पाण्याचे टँकर, लोणीकंदकडून नगरच्या एसट्या. सगळ्यांना त्याच चौकातून खराडीकडे वळायचं असतं. थांब्यावर विमाननगरच्या सोसायट्यांत घरकामाला जाणाऱ्या बायका असतात, कॉलेजची मुलं असतात, ससूनचा केसपेपर पिशवीत घालून निघालेले म्हातारे असतात. बस भरूनच येते. जी बाई त्या बसमध्ये चढू शकली नाही, ती तीन पदरी वाहतुकीच्या कडेने चालत पुढच्या कोपऱ्यावर शेअर रिक्षा शोधते, कारण चालायला पदपथ नाही. जिथे आहे तिथे त्यावर दुचाक्या लागलेल्या असतात. कामावर उशीर झाला तर तिचा खाडा धरला जातो. मेट्रोची खरी गरज या बाईला आहे. आणि मेट्रोच्या बांधकामाचा पहिला मार बसणार आहे तोही तिलाच.

खांबांच्या पायासाठी रस्त्याच्या मधोमध पत्रे लागले की दोन्ही बाजूंचा निदान एकेक पदर जातो. कर्वे रस्त्याने आणि पिंपरीच्या जुन्या महामार्गाने हे सोसलं आहे. पण त्या रस्त्यांना समांतर वाटा होत्या. कर्वे रस्ता तुंबला तर माणूस म्हात्रे पुलावरून, डीपी रस्त्याने निघू शकत होता. वाघोलीला तशी वाट जवळजवळ नाही. २०२१ मध्ये २३ गावांपैकी एक म्हणून वाघोली महापालिकेत आली. त्याआधी ग्रामपंचायतीच्या काळात इमारती उभ्या राहिल्या आणि रस्ते मागे राहिले. लोहगावकडे किंवा केसनंदकडे वळसा घालायचा म्हटलं तरी फिरून नगर रस्त्यालाच यावं लागतं.

याच नगर रस्त्यावर बसला स्वतःची मार्गिका होती. देशातल्या पहिल्या बीआरटीचा प्रयोग पुण्यानेच २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर केला, आणि पुढे नगर रस्त्यावरही बीआरटी आली. ती अर्धवट होती, मधे मधे तुटत होती, खाजगी गाड्या तिच्यात घुसत होत्या, चौकांत अपघात झाले. अखेर तिथली मार्गिका उखडण्यात आली. कारण सांगितलं गेलं कोंडीचं. मार्गिका गेल्यावर मोकळी झालेली जागा मोटारींनी भरून काढली आणि बस पुन्हा त्यांच्या मागे उभी राहिली. त्या निर्णयाशी महामेट्रोचा संबंध नव्हता. पण आता त्याच रस्त्याच्या पोटात तुम्ही खांब रोवणार आहात, तेव्हा बसचा प्रश्न तुमच्या दारात आलेलाच आहे.

उपनगरांना पूर्ण मेट्रो हवीच कशाला, हलकी रेल्वे किंवा रबरी चाकांवरची मेट्रो निओ पुरेल, असा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो रेल्वे धोरणाने हा विचार बंधनकारकच केला आहे. मेट्रोचा प्रस्ताव पाठवण्याआधी बीआरटी, लाइट रेल, ट्राम, मेट्रो, प्रादेशिक रेल्वे या पर्यायांची मागणी, क्षमता आणि खर्चाच्या अंगाने तुलना करावी लागते. तरीही वाघोलीपुरतं माझं मत स्पष्ट आहे. इथे जे होतंय तो नवा मार्ग नाही, वनाज-रामवाडी मार्गाचंच शेपूट लांबतं आहे. रामवाडीला हलक्या रेल्वेतून उतरून मेट्रोत चढायचं म्हटलं, तर एक जिना, एक फलाट आणि दहा मिनिटं वाढली. तेवढ्यावर माणूस दुचाकी काढतो. पुणे मेट्रोच्या प्रवाशांनी हे दाखवून दिलं आहे. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोन तुकडे सुटे सुरू झाले, तेव्हा ती बरीचशी सुट्टीची सहल होती. १ ऑगस्ट २०२३ ला दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालयापाशी एकमेकांना मिळाले आणि मग नोकरदार आणि विद्यार्थी खऱ्या अर्थाने आत आले. सलग मार्ग हवा. वाघोलीला तीच गाडी यायला हवी.

मात्र हाच निकष डोळे मिटून प्रत्येक फाट्याला लावू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला आणि नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग हे मार्ग मंजूर झाले. ३१.६ किलोमीटर, २८ स्थानकं, ९,८५८ कोटी. हडपसरहून लोणी काळभोर आणि सासवड रस्त्याकडे जाणारे प्रस्तावही पुढे सरकले आहेत. यातल्या टोकाच्या भागांत गर्दी किती, कोणत्या वेळी आणि कुठून कुठे, हे पाहून हलका पर्याय निवडायला कमीपणा वाटू नये. अट एकच, तो पर्याय खरोखर यायला हवा. नाशिकच्या मेट्रो निओसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची घोषणा झाली होती. नाशिककरांना अजून ती मिळालेली नाही. ‘स्वस्तात आणि लवकर’ असं सांगून उपनगराच्या हाती काहीच न लागणं, हे सगळ्यात वाईट. तेव्हा पर्यायांच्या तुलनेचे अहवाल मराठीत आणि वाचता येतील अशा आकारात लोकांपुढे ठेवा. मंजुरीनंतर नको, आधी.

आधी विचारल्याने काय फरक पडतो, ते कात्रजने दाखवलं. स्वारगेट-कात्रज भुयारी मार्ग ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाला तेव्हा ५.४६ किलोमीटरमध्ये तीनच स्थानकं होती. दोन स्थानकांमध्ये जवळपास दोन किलोमीटर, आणि वर दक्षिण पुण्याची दाट वस्ती. लोकांनी आवाज उठवला, पाठपुरावा केला आणि नंतर बालाजीनगर व बिबवेवाडी ही स्थानकं वाढवली गेली. चूक दुरुस्त केली याबद्दल आभारच मानतो. पण मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं या शहरात निवडून आलेले नगरसेवक नव्हते, आणि नेमक्या त्याच काळात या मार्गांना केंद्राची मंजुरी मिळाली. वाघोलीच्या ११ स्थानकांचे जिने कुठे उतरणार, कुठल्या गल्लीसमोर, कुठल्या शाळेपाशी, हे आज इथल्या माणसाला सांगता येत नाही. जिना रस्त्याच्या एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला, असं व्हायला नको. नगर रस्ता ओलांडणं म्हणजे काय, हे इथली शाळकरी मुलं रोज अनुभवतात.

आणखी एक धोका वेळेत सांगतो. याच रस्त्यावर शिरूरपर्यंत उन्नत महामार्गही येऊ घातला आहे. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावे लागले, कारण नंतर आखलेली हिंजवडीची मेट्रो त्यांच्याबरोबर बसत नव्हती. ते पूल म्हातारे झाले नव्हते, एका यंत्रणेने दुसरीला विचारलं नव्हतं. उलट नळ स्टॉपला खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो ही एकत्र रचना तुम्हीच केलीत. पुलाच्या टोकांना कोंडी होते ही तक्रार खरी आहे, पण खांब एकदाच उभारले, रस्ता एकदाच खणला. नगर रस्त्यावर तेवढं तरी व्हायलाच हवं. एकदा महामार्गासाठी आणि एकदा मेट्रोसाठी असे दोनदा पत्रे लागले, तर चारची आठ वर्षं होतील.

आता मागणी. त्याच २०१७ च्या मेट्रो धोरणात असंही म्हटलं आहे की प्रत्येक स्थानकाभोवती किमान पाच किलोमीटरपर्यंत पूरक वाहतुकीची, पायी चालण्याची आणि सायकलची सोय प्रस्तावातच असावी. वाघोलीपासून पाच किलोमीटर म्हणजे केसनंद, लोणीकंद, बकोरी, आव्हाळवाडी, लोहगावचा मागचा भाग. या गावांतून स्थानकापर्यंत येणाऱ्या बसचे मार्ग, त्यांच्या फेऱ्या आणि त्यांचे पैसे आजच ठरवा, आणि त्या बस पहिला पत्रा लागण्याआधी सुरू करा. सध्या त्या रामवाडीच्या मेट्रोपर्यंत धावतील. पत्र्यांच्या शेजारचा एक पदर गर्दीच्या वेळी फक्त बस आणि रुग्णवाहिकांसाठी ठेवा, आणि ते कंत्राटदाराच्या करारातच लिहा, म्हणजे वाहतूक पोलिसांना रोज नव्याने भांडावं लागणार नाही. स्थानकाच्या प्रत्येक जिन्यापासून अर्ध्या किलोमीटरचे पदपथ, पथदिवे आणि रस्ता ओलांडण्याची सोय ही खांब-तुळयांच्याच निविदेत घाला. महापालिकेने नंतर करावं म्हणून सोडलेलं काम किती वर्षं ‘नंतर’ राहतं, हे समाविष्ट गावांतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ३,६२६ कोटींत या कामांचा वाटा फार मोठा होणार नाही. पण त्यांच्याविना त्या फाट्यावरच्या बाईसाठी मेट्रो ही डोक्यावरून जाणारी गाडी राहील.

काम सुरू होण्याआधी एक जाहीर बैठक घ्या, तीही वाघोलीत आणि रविवारी, म्हणजे कामावर जाणाऱ्यांना येता येईल. नकाशे मोठे आणा, जिने त्यावर दाखवा. पीएमपी, महापालिका, पीएमआरडीए, महामार्गाची यंत्रणा आणि वाहतूक पोलीस यांचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी तुमच्या शेजारी बसवा. कुठल्या गल्लीत पावसाळ्यात पाणी तुंबतं, कुठून शाळा सुटते, कुठे रात्री अंधार असतो, हे आम्ही सांगू. तारीख तुम्ही कळवा, माणसं जमवायचं काम आमचं.

आपला,
वाघोलीचा एक रहिवासी