फोर्लानला माफ करायचं की नाही?

मंडळी, तुमच्या ग्रुपमध्ये असा एक विषय नक्की असेल. म्हणजे कुणी नुसतं नाव काढलं तरी चहा गार होतो, रिक्षा निघून जाते आणि उद्या सकाळी नऊचं प्रेझेंटेशन असलेला माणूससुद्धा रात्री दीडपर्यंत टपरीवर उभा राहतो. आमच्या ग्रुपचा तो विषय म्हणजे दिएगो फोर्लान. तारीख १० डिसेंबर २०१६. ठिकाण कोलकाता, रवींद्र सरोवर स्टेडियम.

ज्यांना फुटबॉलमध्ये इंटरेस्ट नाही त्यांच्यासाठी फटाफट सांगतो. त्या वर्षी इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी पहिल्यांदाच शेवटच्या चारांत आली होती. आणि नुसती आली नव्हती, २३ पॉइंट घेऊन टेबलच्या डोक्यावर बसली होती. आधीच्या दोन सीझन्समध्ये आमच्याकडे अनेल्का होता, युंगबर्ग होता, रणबीर कपूर व्हीआयपी स्टँडमधून हात हलवायचा, पण टीम काही पुढे सरकायची नाही. २०१६ मध्ये मात्र गुइमाराइस कोच, सुनील छेत्री सोबतीला आणि पुढे फोर्लान. साक्षात २०१० च्या वर्ल्डकपचा गोल्डन बॉल! १९ नोव्हेंबरला केरळ ब्लास्टर्सला ५-० धुतलं त्यात त्याची हॅट्‌ट्रिक. आम्ही तेव्हा मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला. नोटाबंदी होऊन महिनासुद्धा झाला नव्हता, खिशात शंभराच्या चार नोटा म्हणजे श्रीमंती. त्या दिवसांत उपाशी राहून आम्ही अंधेरीच्या तिकिटांचे पैसे जमवले होते.

सेमीफायनलची पहिली मॅच कोलकात्यात. आपण दोन गोल मारले, लिओ कोस्टा आणि जेर्सन व्हिएरा. पण हाफटाइमच्या आत इयन ह्यूमने दोन टाकले आणि ३-२. ठीक आहे, हरकत नाही, घरी एक गोल काढू की, असं म्हणत असतानाच दुसऱ्या हाफमध्ये फोर्लानला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. दोन पिवळी म्हणजे एक लाल. म्हणजे परतीच्या मॅचला बाहेर.

१३ डिसेंबरला अंधेरी क्रीडा संकुलात आम्ही पाच जण घसा बसेपर्यंत ओरडत होतो. कोलकात्याच्या मोलिनाने निम्म्याहून जास्त टीम बदलून उतरवलेली, त्यात हाफटाइमच्या जरा आधी त्यांचा रॉबर्ट लाल कार्ड घेऊन बाहेर. दहा माणसं! अख्खा हाफ दहा माणसांशी खेळलो आणि एक गोल, फक्त एक गोल मारता आला नाही. ०-०. कोलकाता फायनलला गेलं, तिथे कोचीत केरळला पेनल्टीवर हरवून कपसुद्धा घेऊन गेलं.

नंतर मुंबईने २०२१ मध्ये कप जिंकला, २०२४ मध्ये कोलकात्यात जाऊन, मोहन बागानला ३-१ हरवून जिंकला. हिशेब चुकता. पण नाही! आमचा विषय अजूनही फोर्लानच.

गेल्या पावसाळ्यात ग्रुपमधल्या एकाचं लग्न झालं, तिथे रिसेप्शनच्या रांगेत हा वाद पुन्हा पेटला. आमचा बँकवाला म्हणाला, ‘‘सदतीस वर्षांचा माणूस. पेन्शन घ्यायला आला होता. अनुभवी प्लेअरला पहिलं पिवळं मिळाल्यावर कळत नाही पाय आवरायचा?’’ आमचा आयटीवाला मँचेस्टर युनायटेडचा भक्त. त्याच्या मते फोर्लानबद्दल वाकडं बोलणं म्हणजे पाप. त्याने लगेच खाते उघडलं. जानेवारी २००२ मध्ये युनायटेडला आला, आठ महिने एक गोल नाही, इंग्लंडच्या पेपरांनी आडनावावर कोट्या केल्या. मग डिसेंबरात लिव्हरपूलच्या घरी जाऊन दोन गोल. तिथून स्पेनला जाऊन व्हिलारेआलकडून २५ गोल, अॅटलेटिकोकडून एका सीझनला ३२, दोनदा गोल्डन शू. ‘‘अशा माणसाला तुम्ही एका कार्डावरून तोलणार?’’

यावर ग्रुपमधली एचआरवाली म्हणाली, ‘‘आम्ही ऑफिसात तेच करतो. अप्रेझलला अकरा महिने कुणाला आठवत नाहीत. शेवटच्या क्वार्टरला काय केलं ते बोल.’’

सगळे हसले. मी जरा कमी हसलो, कारण मी फ्रीलान्सर आहे, आमचं अप्रेझल दर कॉपीला होतं.

मग कुणीतरी झिदान काढला. निघणारच होता! ९ जुलै २००६, बर्लिन, वर्ल्डकपची फायनल, मातेराझ्झीच्या छातीवर डोकं, लाल कार्ड, फ्रान्स पेनल्टीवर आउट. आणि तरी गोल्डन बॉल झिदानलाच. ‘‘मग? त्याला जगाने माफ केलं की नाही?’’ बँकवाला म्हणाला, ‘‘फ्रान्सच्या लोकांना विचार.’’ आयटीवाला म्हणाला, ‘‘त्यांनी तर त्याला डोक्यावर घेतलं.’’ इथे नवरदेवाच्या मामांनी आम्हाला पुढे सरका म्हणून सांगितलं.

मी नेहमी फोर्लानच्या बाजूने. आणि माझ्याकडे हुकुमाचा एक्का आहे, तो मी शेवटी टाकतो. त्याच्या बहिणीचा. १९९१ मध्ये अलेहांद्राच्या गाडीला अपघात झाला. मित्र गाडी चालवत होता, तो गेला. तिला पक्षाघात झाला आणि ती व्हीलचेअरवर आली. फोर्लान तेव्हा बारा वर्षांचा. घरात फुटबॉल होताच, वडील पाब्लो उरुग्वेकडून दोन वर्ल्डकप खेळलेले, आजोबा कोराझ्झो देशाच्या टीमचे कोच. पण पोराचा जीव टेनिसमध्येही तेवढाच. बहिणीच्या औषधपाण्याचा खर्च बघून त्याने ठरवलं की मोठा फुटबॉलर व्हायचं, पैसे कमवायचे, तिला चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरकडे न्यायचं. तिच्या नावाने रस्ता सुरक्षेचं काम करणारी संस्थाही आहे. (टेनिस त्याने सोडलं नाही बरं का! नोव्हेंबर २०२४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, माँतेव्हिदेओच्या चॅलेंजर स्पर्धेत डबल्स खेळला. सपाटून हरला. पण खेळला.)

हा एक्का टाकला की सगळे गप्प होतात. मला ते आवडतं, खोटं का बोलू?

तर हा एक्का घेऊन मी दिवाळीला गावी गेलो. गाव उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड. तुमच्यातल्या ज्यांना बीड म्हटल्यावर फक्त बातम्या आठवतात त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे दिवाळी म्हणजे निरोपाचा सण. दसरा-दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिकडे कारखाने पेटतील तिकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो आणि मग ती उचल फिटेपर्यंत तोडायचं. ट्रक भरून भांडीकुंडी, शेळ्या, पोरं. मार्च-एप्रिलपर्यंत अर्ध्या घरांना कुलूप.

माझा चुलतभाऊ, दादा, अशा सहा सीझन गेलेला. आता जात नाही, जारच्या पाण्याचा टेम्पो चालवतो. पण त्याच्या आधीचा दादा म्हणजे आमच्या भागातला चढाईपटू! एक पाय मधल्या रेषेवर ठेवून समोरच्याला नुसत्या डोळ्यांनी मागे ढकलायचा. मला लहानपणी तो अजय देवगण वाटायचा. २००९ च्या दिवाळीनंतर शेजारच्या एका गावात स्पर्धा होती. आमची टीम फायनलला पोचली आणि फायनलच्या आदल्या रात्री दादा टोळीबरोबर निघून गेला. टीम तीन पॉइंटांनी हरली. त्यानंतर कितीतरी वर्षं पारावर विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, ‘‘आपला रेडर ऐन टायमाला पळाला.’’

मला कारण माहीत होतं. म्हणजे मला वाटायचं की माहीत आहे. चुलत्यांनी उचल घेतली होती बोअरसाठी. साडेतीनशे फूट गेलं, धूळ निघाली. पैसे मातीत आणि मुकादम दारात. मग पोरगा काय करणार? माझ्या डोक्यात दादा आणि फोर्लान एकाच रांगेत बसलेले. घरासाठी खेळणारा एक आणि घरासाठी खेळ सोडणारा एक. कॉलमसाठी काय सॉलिड मटेरियल आहे! मी मनातल्या मनात इंट्रोसुद्धा लिहून टाकला होता.

भाऊबीजेच्या रात्री गच्चीवर बसलो होतो. दादाला कबड्डी अजून लागते. प्रो कबड्डीचा एक सीझन चुकवत नाही, २०२४ मध्ये पुणेरी पलटण जिंकली तेव्हा त्याने मला रात्री साडेदहाला फोन करून फक्त आरोळी ठोकली होती. मी त्याला मोबाइलवर फोर्लानची सगळी स्टोरी सांगत क्लिप्स दाखवल्या. २०१० चे गोल बघून खूश झाला. जर्मनीविरुद्ध शेवटच्या मिनिटाची फ्री किक बारला लागून परत आली तेव्हा ‘‘आयला!’’ म्हणाला. मग कोलकाता. दुसरं पिवळं. दादाने क्लिप दोनदा मागे घ्यायला लावली.

‘‘चूक याचीच हाय,’’ तो म्हणाला.

मी एक्का टाकला. बहीण, अपघात, हॉस्पिटल, सगळं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘बहिनीसाठी खेळला, लई चांगलं केलं. पर हितं पाय आडवा घालायला बहिनीनं सांगितलं व्हतं का?’’

मग मी माझं दुसरं पान टाकलं. म्हटलं, दादा, तुला तरी लोकांनी कुठे समजून घेतलं? तू काय हौसेनं गेलास का फायनल सोडून? उचल होती डोक्यावर.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. खाली आत्या पोरांना आत बोलवत होती, लांब कुठेतरी सुतळी बाँब वाजला.

‘‘बारक्या, मुकादम म्हनला व्हता मला, दोन दिसानं दुसरी गाडी निघणार हाय, तिच्यात ये. मॅच खेळून ये म्हनला. त्याला बी कबड्डीचा नाद.’’

मी म्हटलं, मग?

‘‘मग काय. मागल्या साली बी आपण फायनलला व्हतो. शेवटची चढाई माझी. एक गडी मारला असता तर बरोबरी. घोट्यात पकडलं मला. मधल्या रेषेपस्तोर हात पोचला नाही, एवढं अंतर ऱ्हायलं.’’ त्याने बोटांनी वीतभर अंतर दाखवलं. ‘‘तवा कुणी काई बोललं नाही. पन मला झोप नव्हती. दुसऱ्या साली पुन्हा तेच पोरं समोर. म्या म्हनलं, चला, गाडी निघालीच हाय.’’

आता सांगा, मी याचं काय करायचं? माझा इंट्रो गेला, स्टोरीचा अँगल गेला. सोळा वर्षं मी ज्या माणसाची वकिली करत होतो त्याने स्वतःच कोर्टात येऊन गुन्हा कबूल केला. आणि तरी मला तो पळपुटा वाटेना. बावीस वर्षांचा पोरगा, घोट्यावर अजून त्या पकडीचं दुखणं, दारात ट्रक. मी त्याला म्हटलं की हे तू कुणाला सांगितलं का नाहीस? निदान मला?

‘‘तुला कसं सांगू? तूच तर फोन केला व्हतास.’’

मला आठवेना. खरंच आठवेना. त्याला मात्र सगळं आठवत होतं. टोळी कर्नाटकात फडावर पोचलेली, मोबाइल एकट्या मुकादमाकडे. मी बारा वर्षांचा, गावातल्या एसटीडीवरून फोन लावलेला. आधी स्कोअर सांगितला. मग म्हणालो, ‘‘तुझ्यामुळं हरलो.’’ आणि पैसे संपतील म्हणून फोन ठेवला.

दादा हे सांगताना हसत होता. खरोखरचं हसत होता, टोमणा नव्हता त्यात. मला मात्र गच्चीवरून खाली उतरावंसं वाटलं. तेवढ्यात त्याने माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि पुन्हा ती कोलकात्याची क्लिप लावली. कार्ड वर जातं, फोर्लान वळतो, चालायला लागतो.

‘‘पुढची मॅच मुंबईला झाली ना? तू गेला व्हतास?’’

म्हटलं, हो.

‘‘मग हा कुठं बसला व्हता?’’

मी आठवून पाहिलं. दहा माणसांविरुद्धचा तो हाफ, वाया गेलेले कॉर्नर, छेत्रीच्या नावाच्या आरोळ्या, शेवटच्या शिटीनंतर पुढच्या रांगेत ढसाढसा रडणारा एक काका. आम्ही पाच जण होतो. फोर्लान कुठे बसलाय हे पाहायला एकानेही मान वळवली नव्हती.

परवा टपरीवर पुन्हा विषय निघाला. बँकवाला रंगात आला होता, आयटीवाल्याने गोल्डन शू काढले आणि मग सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं, एक्क्यासाठी. मी कटिंग संपवली आणि विचारलं, ‘‘१३ तारखेला तो कुठे बसला होता, कुणी बघितलं होतं का रे?’’

एचआरवाली म्हणाली, ‘‘असा कसा प्रश्न?’’ आणि वाद पुढे सुरू झाला. रिक्षा केव्हाच निघून गेली होती.