विश्लेषण : एका फुलाची दोन नावे, वाद शंभर वर्षांचा! आयरिस जोपासणाऱ्या हौशी मंडळींचे ऐकायचे का?

डेटा सायन्सच्या वर्गात, मग तो पुण्यातला असो की नागपुरातला, सुरुवातीच्या दिवसांतच ‘आयरिस डेटासेट’ भेटतो. तीन प्रकारची आयरिस, प्रत्येकाची ५० अशी १५० फुले आणि प्रत्येक फुलाची चार मापे. संगणकाने मापांवरून फूल ओळखायचे, एवढाच खेळ. पण ही मापे घेणाऱ्या एडगर अँडरसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या फुलांची हकिगत १९३५ मध्ये लिहिली ती ‘अमेरिकन आयरिस सोसायटी’च्या पत्रिकेत, म्हणजे बागेची हौस असणाऱ्यांच्या अंकात. आयरिसच्या वर्गीकरणात हौशी मंडळींना किती मान द्यायचा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

आयरिस म्हणजे नेमके कोणते फूल?

आपल्या फूलबाजारात दिसणारा ग्लॅडिओलस आणि काश्मीरचे केशर ज्या कुळातले, त्याच कुळातले हे फूल. उत्तर गोलार्धात आयरिसच्या सुमारे ३०० प्रजाती आहेत. काही आडव्या खोडातून फुटतात, काही कांद्यासारख्या कंदातून. काहींच्या खालच्या पाकळ्यांवर केसांची पट्टी असते. त्यांना ‘दाढीवाल्या’ म्हणतात. काही दलदलीत वाढतात, तर काही वाळवंटाच्या कडेला. इतकी विविधता असल्यामुळे हे सगळे एकच घराणे की अनेक, हा वाद जुना आहे.

वाद कशावरून आहे?

१९१३ मध्ये विल्यम डाइक्स यांनी आयरिसवर मोठा ग्रंथ लिहिला. ते इंग्लंडमध्ये शाळामास्तर होते; रोपे स्वतः वाढवून, पाहून त्यांनी वर्णने केली. सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ रोदिओनेंको यांनी १९६१ मध्ये कंदवाल्या आयरिस वेगळ्या वंशांत टाकाव्यात असे मांडले. ब्रायन मॅथ्यू यांनी १९८१ मध्ये सगळ्यांना एकाच वंशात ठेवून सहा उपवंश केले आणि बागप्रेमींनी तीच मांडणी उचलली. पुढे डीएनए आला. बेलमकँडा या नावाने ओळखले जाणारे ठिपकेदार केशरी फूल प्रत्यक्षात आयरिसच्याच गोतावळ्यात असल्याचे दिसले आणि २००५ मध्ये त्याचे नाव ‘आयरिस डोमेस्टिका’ झाले. तर २०१५ मध्ये काही संशोधकांनी उलट दिशा धरली : आयरिसचे वीसहून अधिक वंशांत तुकडे करा.

डीएनए आहे, मग निकाल का लागत नाही?

कारण डीएनए नाते सांगतो, वाटणी सांगत नाही. कोण कोणाचा चुलत भाऊ हे त्यातून कळते. पण चूल एक ठेवायची की वेगळ्या मांडायच्या, हे घरातल्यांनी ठरवायचे असते. बेलमकँडा आयरिसच्या मध्येच बसते म्हटल्यावर दोन मार्ग उरतात. तिला आयरिस म्हणा, नाहीतर आयरिसचेच तुकडे करा. दोन्ही मार्ग शास्त्राला धरून आहेत. म्हणूनच निवड करताना सोय, सातत्य आणि नावे वापरणाऱ्यांची संख्या यांचा विचार करणे अशास्त्रीय ठरत नाही. प्रस्तुत लेखकाचे मत एकत्र कुटुंबाच्या बाजूने आहे. उपवंशांची नावे वापरून सूक्ष्म फरक दाखवता येतात. त्यासाठी शेकडो प्रजातींच्या पाट्या बदलण्याची गरज नाही.

हौशी मंडळींनी नेमके काय दिले?

लुइझियानाचे उदाहरण पाहा. १९२० आणि १९३०च्या दशकांत जॉन स्मॉल या वनस्पतिशास्त्रज्ञाने मिसिसिपीच्या मुखाजवळच्या दलदलीतून डझनावारी नव्या प्रजाती नोंदवल्या. प्रत्येक नवा रंग म्हणजे नवे नाव. पण १९३५ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे निसर्गअभ्यासक पर्सी व्हियोस्का यांनी त्याच आयरिस सोसायटीच्या पत्रिकेत दाखवले, की यातल्या बहुतेक ‘प्रजाती’ म्हणजे मोजक्या जातींचे नैसर्गिक संकर आहेत. बागेत तांबड्या आणि निळ्या आयरिसचा संकर करून पुढची पिढी वाढवणाऱ्याला ही गोष्ट वाफ्यातच दिसते. एकाच शेंगेतल्या बियांतून इतक्या छटा येतात, की वाळवलेले नमुने पाहणाऱ्याला त्या वेगळ्या प्रजाती वाटाव्यात.

पण प्रत्येक वेळी नावे कमीच झाली, असेही नाही. लुइझियानातील अ‍ॅबव्हिलजवळच्या दलदलीत मोठ्या लाल फुलांची आयरिस स्थानिक हौशी संग्राहकांनी लक्षात आणून दिली. तीही संकरातूनच आलेली, पण स्वतंत्रपणे टिकून राहिलेली. १९६६ मध्ये तिला ‘आयरिस नेल्सोनी’ हे प्रजातीचे नाव मिळाले.

डेटासेटमधली दोन फुले एकमेकांत का मिसळतात?

संगणकाला सेटोसा लगेच ओळखता येते; व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका यांत मात्र तो चुकतो. याचे कारण गणितात नाही, वंशावळीत आहे. सेटोसाची गुणसूत्रे ३८, व्हर्जिनिकाची ७०च्या आसपास आणि व्हर्सिकलरची १०८. बेरीज करून पाहा. व्हर्सिकलर ही पहिल्या दोघींच्या प्राचीन संकरातून आली, असे अँडरसनने १९३६ मध्ये मांडले. नंतरच्या जनुकीय अभ्यासांनीही त्याला दुजोरा दिला. तिच्या वारशाचा मोठा वाटा व्हर्जिनिकाचा, म्हणून चेहरा तिच्याकडे झुकलेला. त्याच वर्षी रोनाल्ड फिशर यांनी ही मापे आपल्या संख्याशास्त्रीय निबंधात वापरली आणि ती जगभर गेली. आज मापे सगळ्यांना माहीत आहेत. फुलांची गोष्ट मात्र मागे राहिली.

नावाने खरेच काही बिघडते का?

बिघडते. इस्रायलच्या किनारपट्टीवरची गडद जांभळी ‘आयरिस अ‍ॅट्रोपर्प्युरिया’ शहरांच्या विस्तारामुळे संकटात आहे. त्या भागातल्या दाढीवाल्या आयरिस एकमेकींना इतक्या जवळच्या आहेत, की प्रजातींच्या सीमांवर एकमत होत नाही. एखादी वसाहत स्वतंत्र प्रजाती मानली तर तिच्या रक्षणाला वेगळे वजन येते. मोठ्या प्रजातीचा एक रंग मानली तर ते वजन कमी होते.

दुसरा धोका हौशी मंडळींच्या अंगणातच आहे. बियांची देवाणघेवाण हा या छंदाचा प्राण. पण बागेत मधमाशी शेजारच्या वाफ्यातले पराग आणते, बी संकरित होते आणि पाकिटावर मात्र रानटी प्रजातीचेच नाव राहते. चार हात फिरलेले असे पाकीट म्हणजे नुसती ऐकीव माहिती. त्यावर घातलेला वाद कितीही रंगला तरी त्यातून ज्ञान वाढत नाही.

मग काय करायला हवे?

एक, वर्गीकरण बहुमताने ठरत नाही, हे हौशी मंडळींनी मान्य करावे. ‘आम्ही वीस वर्षे हेच नाव वापरतो’ हा सवयीचा दाखला झाला, पुरावा नव्हे. दोन, रोपे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर वाढवणाऱ्याचे निरीक्षण, म्हणजे बी कसे रुजले, संकर फळला की वांझ निघाला, फुलोरा कधी आला, हे तज्ज्ञांनी टाकाऊ मानू नये. ब्रिटिश आयरिस सोसायटीच्या प्रजाती-गटाने तयार केलेले मार्गदर्शक पुस्तक १९९७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने छापले, ते अशाच निरीक्षणांच्या बळावर. तीन, पाटीवर नावाइतकाच मूळ ठिकाणाला मान द्यावा : रोप कुठून आले, कोणत्या वर्षी, बी मोकळ्या परागणाचे की हाताने केलेल्या संकराचे. नाव उद्या बदलेल. पण ही माहिती एकदा हरवली की परत मिळत नाही.

अँडरसनने ही शिस्त पाळली होती. त्याच्या तीनपैकी दोन प्रजातींची फुले कॅनडातल्या गॅस्पे द्वीपकल्पावरच्या एकाच कुरणातली, एकाच दिवशी तोडलेली आणि एकाच माणसाने एकाच साधनाने मोजलेली होती. नव्वद वर्षांनंतरही ती मापे उपयोगी पडतात ती यामुळेच. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तारीख आणि ठिकाण आपोआप नोंदवणारा फोन आहे. फुलाच्या सुंदर फोटोबरोबर पान, शेंग आणि जागा यांचीही नोंद ठेवली, तर पुढच्या वादात बोलायला आपल्याकडे काही ठोस असेल.