खोट्या जर्नलवर सही करणे थांबवा!



१३ मे २०२४ रोजी घाटकोपरचे होर्डिंग वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळले. १७ माणसे गेली. नियमाची मर्यादा ४० बाय ४० फूट, हे उभे होते १२० बाय १२०. म्हणजे नऊपट! पाया अपुरा असल्याचे नंतरच्या तांत्रिक तपासणीत निघाले. आणि तरीही ते मजबूत असल्याचे प्रमाणपत्र कागदोपत्री होते.

लाचखोरीवर पुष्कळ बोलून झाले. आमचा प्रश्न वेगळा आहे. अशी सही करताना न थरथरणारा हात तयार कुठे होतो?

इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

सिव्हिलच्या मुलांची जर्नल्स उघडून बघा. एम-२० काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा क्यूब २८ दिवसांनी मशीनखाली फोडायचा. ४५० किलोन्यूटन पेलला पाहिजे. जर्नलात आकडे ४५५, ४६०, ४६५. क्यूब कुणी ओतलेलाच नसतो, सीनिअरच्या जर्नलातून उतरवलेले असते. एखाद्या गटाने खरोखर फोडला आणि तो ३८० ला गेला, तर सर म्हणतात, 'रिडिंग चुकलंय, नीट करून आणा.' नीट म्हणजे काय, हे पोरांना सांगावे लागत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली दिवा लावून शीटची जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारायची, सकाळी सही घ्यायची.

याच मुलांना इंडक्शनमध्ये मानवी मूल्यांचे तास! पुढे एथिक्सचा पेपर: अभियंत्याची कर्तव्ये लिहा. तेही पाठ करूनच.

म्हणे, संस्कार घरचे असतात. अहो, घरी कुणी ३८० चे ४६० करायला लावत नाही. म्हणे, मशीन बंद असते, बॅच मोठी, वेळ अपुरा. मान्य. मग 'मशीन बंद होते, प्रयोग झाला नाही' एवढे जर्नलात लिहू द्या. त्याला कुठला निधी लागतो? आणि 'सगळीकडे असेच चालते' हे तर निव्वळ कोडगेपण आहे.

साइटवरही क्यूबचे रजिस्टर असते. तिथे आकडा कमी आला तर काम थांबवायचे असते, ठेकेदार समोर उभा असताना. कॉलेजात जो कमी आकड्यासाठी बोलणी खाऊन आला, तो तिथे कशाच्या बळावर उभा राहणार?

प्राध्यापकहो, ३८० ला फुटलेल्या क्यूबला पूर्ण गुण द्या. पाणी जास्त झाले, क्युरिंग कमी पडले की कॉम्पॅक्शन नीट झाले नाही, हे मुलांकडून लिहून घ्या. व्हायवात त्यावरच प्रश्न विचारा. विद्यार्थ्यांनो, न केलेल्या प्रयोगाचे रिडिंग लिहायला या सत्रापासून नकार द्या. आणि पालकहो, त्यासाठी मुलाचे टर्मवर्क अडवले गेले, तर कॉलेजात जाऊन त्याच्या बाजूने उभे राहा.