जुनी फ्रेंच मोटार घेण्यापूर्वी

वापरलेल्या मोटारींच्या बाजारात एक गोष्ट हमखास नजरेस येते. एकाच वर्षाच्या, सारख्याच धावलेल्या दोन मोटारी शेजारी-शेजारी उभ्या असतात. एक लहानशी, सर्वांच्या परिचयाची. दुसरी फ्रेंच कंपनीची, ऐसपैस, खड्ड्यांना न जुमानणारी आणि महामार्गावर रस्ता घट्ट धरून चालणारी. नवी असताना दुसरीची किंमत पुष्कळच अधिक होती. आज मात्र दोघींचा भाव जवळपास सारखाच सांगितला जातो. अशा वेळी संसारी माणसाला दुसरीचा मोह पडावा हे स्वाभाविकच आहे आणि तो मोह सर्वस्वी अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. तथापि हा भाव का उतरला, हे मात्र समजून घेतले पाहिजे. माझ्या मते त्याचे कारण मोटारीच्या गुणदोषांत फारसे नाही. ते तिच्या एकाकीपणात आहे. तिचे दुखणे ओळखणारा कारागीर प्रत्येक गावात नसतो. म्हणून फ्रेंच मोटारीच्या बाबतीत आधी मेकॅनिक शोधावा आणि मग मोटार.

हा एकाकीपणा आजचा नाही. प्रीमियर कंपनीने प्यूजोच्या सहकार्याने १९९० च्या दशकात ‘३०९’ ही मोटार कल्याणच्या कारखान्यातून बाजारात आणली. चालवायला ती फार सुखद होती. परंतु ते दशक सरण्यापूर्वीच प्यूजोने येथून काढता पाय घेतला आणि मालकांच्या नशिबी सुट्या भागांसाठी वणवण आली. गंमत अशी, की प्यूजोचे दीड लिटरचे डिझेल इंजिन पुढे मारुतीच्या झेन व एस्टीम यांच्या डिझेल आवृत्त्यांत बसविले गेले. मोटार पोरकी झाली, पण इंजिनाला सासर मिळाले. जुनी फ्रेंच मोटार पारखताना ही सोयरीक पाहणे फार उपयोगी पडते.

आज बाजारात ‘जुनी फ्रेंच’ म्हणून जी मोटार प्रामुख्याने मिळते, ती रेनोची. (सिट्रोएन भारतात २०२१ मध्ये आली, तिला जुनी म्हणायला अजून अवकाश आहे.) महिंद्रच्या भागीदारीत नाशिकला तयार झालेली लोगन २००७ मध्ये आली. भागीदारी २०१० मध्ये संपल्यावर तीच मोटार ‘व्हेरिटो’ या नावाने महिंद्रने चालू ठेवली. डस्टर २०१२ मध्ये चेन्नईजवळच्या ओरगडम येथील कारखान्यातून निघाली. या मोटारींतील दीड लिटरचे डिझेल इंजिन, ज्याला जाणकार ‘के९के’ म्हणून ओळखतात, ते निसानच्या टेरानो, सनी आणि मायक्रा यांतही होते. म्हणजे या घराण्याचा गोतावळा मोठा आहे. एका बिल्ल्याखाली न मिळालेला भाग दुसऱ्या बिल्ल्याखाली मिळण्याचा संभव असतो. याउलट फ्लुएन्स फार थोड्या विकल्या गेल्या आणि कोलिओस तर पूर्ण तयार स्थितीतच आयात होत असे. या दोन्ही मोटारी रूपवान आहेत, किंमतही जीव भुलवील इतकी उतरलेली असते; पण ज्याची एकच मोटार आहे आणि तीही रोज कामावर न्यायची आहे, त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता डिझेल डस्टर किंवा लोगन पाहायला गेलात, तर पहिला प्रश्न टायमिंग बेल्टचा विचारावा. इंजिनातील व्हॉल्व्हची उघडझाप आणि पिस्टनची वरखाली हालचाल यांचा मेळ या दातेरी रबरी पट्ट्याने राखलेला असतो. पट्टा तुटला की मेळ सुटतो, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि संपूर्ण इंजिन उघडण्याची पाळी येते. कित्येकदा त्या दुरुस्तीचा आकडा मोटारीच्या किंमतीशी स्पर्धा करू लागतो. हा पट्टा किलोमीटरांप्रमाणेच वर्षांनीही जुना होतो. म्हणून ‘मोटार फारशी चाललीच नाही’ हे विक्रेत्याचे समर्थन येथे लागू पडत नाही. उलट, दहा वर्षांत अगदी कमी धावलेल्या मोटारीतच मूळ पट्टा तसाच राहिलेला असण्याची शक्यता अधिक. पट्टा बदलल्याची पावती, त्यावरील तारीख आणि किलोमीटर पाहावेत. पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे. पट्टा, त्याचे टेन्शनर आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप, हे सारे एकदमच बदलून घेण्याचा खर्च सांगितलेल्या किंमतीतून वजा करून मगच बोलणी करावीत. ‘बदललाय हो, पण कागद नाही’ या वाक्याला व्यवहारात काडीचीही किंमत देऊ नये.

दुसरी गोष्ट तेलाची. या इंजिनाच्या सुरुवातीच्या पिढ्यांत, तेल बदलण्याच्या मुदती लांबल्यामुळे क्रँकशाफ्टची बेअरिंगे झिजल्याच्या तक्रारी युरोपात बऱ्याच झाल्या होत्या. म्हणून सर्व्हिसच्या नोंदींत तेल वेळेवर बदलले गेले का, हे बारकाईने पाहावे.

मोटार पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नका, असे मालकाला बजावावे. बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी. थंड इंजिन चटकन सुरू होते का, निळसर धूर येतो का (म्हणजे तेल जळते आहे), चढावर जोर लावल्यावर काळ्या धुराचा लोट निघतो का, हे पाहावे. जास्त ताकदीच्या, म्हणजे ११० अश्वशक्तीच्या डस्टरमध्ये क्लचजवळ खडखड ऐकू आली, तर तिकडे कानाडोळा करू नये; तेथील फ्लायव्हील महाग असते. स्कॅनर जोडून संगणकातील दोषनोंदी वाचून घ्याव्यात. आणि किल्ल्या दोन मागाव्यात. किल्लीत इलेक्ट्रॉनिक चिप असल्याने कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडून तिची साधी नक्कल करून भागत नाही.

पुरात बुडालेल्या मोटारी दूरच्या राज्यांत नेऊन विकण्याचा उद्योग चालतो, हे विसरू नये. २०१५ मध्ये चेन्नईत आणि २०१८ मध्ये केरळात असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. सीटबेल्ट अखेरपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का, आसनाखालच्या पट्ट्यांना गंज आहे का, सतरंजीखाली कुबट वास येतो का, एवढे तरी पाहावेच.

दिल्लीच्या स्वस्त डिझेल मोटारींविषयी दोन शब्द. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तेथे दहा वर्षांपुढील डिझेल वाहनांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने अशा वाहनांच्या मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील वाहनांपुरते ठेवले. या अनिश्चिततेमुळे तेथील भाव उतरलेले असतात. परंतु परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, आपल्या राज्याचा रस्ता कर आणि नव्या नोंदणीचा खर्च मिळविला, की स्वस्ताई बरीचशी विरते.

कागदपत्रांत नोंदणी पुस्तकावरील चॅसिस आणि इंजिन क्रमांक मोटारीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. मोटारीवर पूर्वीचे कर्ज नोंदलेले असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ मिळाल्याशिवाय विसारापलीकडे पैसे देऊ नयेत. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्याव्यात. हे काम लांबणीवर टाकणे विकणाऱ्यालाही महागात पडते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की मोटार हातोहाती कितीदाही विकली गेली असली, तरी अपघाताची नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याचीच.

जुन्या वाहनासाठी कर्ज घेताना परतफेडीची मुदत आखूड आणि व्याजदर नव्या मोटारीपेक्षा चढा असतो, हे ध्यानात ठेवूनच हप्ता ठरवावा. जमविलेली सारी रक्कम खरेदीत घालू नये. तिचा पाचवा हिस्सा तरी पहिल्या सहा महिन्यांच्या दुरुस्तीसाठी हाती राखावा. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी हस्तांतरापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस मोटारीबरोबर येत नाही, तेव्हा पहिल्या वर्षीचा हप्ता त्याच्या हप्त्यापेक्षा अधिक येईल असे धरूनच हिशेब मांडावा.